मेकेत्रेचं लाकडी कोठार: एक संच, दोन संग्रहालयं

प्राचीन इजिप्तच्या लाकडी शिल्पांवर लिहिताना बहुधा एकेकटी मूर्ती समोर ठेवली जाते. तिचे डोळे, तिची ठेवण, तिचं वय, आणि पुढच्या मूर्तीकडे वळायचं. या लेखात मी एक अख्खा संच घेतला आहे. मेकेत्रे हा थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, दरबारातला बडा अधिकारी, राजाचा मुद्राधारी आणि मुख्य कारभारी. त्याच्या थडग्यातल्या एका चोरकोठडीत लाकडाच्या २४ प्रतिकृती मिळाल्या. सुमारे चार हजार वर्षं त्यांना कोणाचा हात लागला नव्हता. १९२० साली त्या बाहेर आल्या आणि लगेच त्यांची वाटणी झाली. साधारण निम्म्या कैरोला राहिल्या, निम्म्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेल्या. माझं म्हणणं असं की या २४ वस्तू म्हणजे एका जहागिरीचा सलग हिशेब आहे. एकेक तुकडा काचेच्या कपाटात बघितला की कौतुक वाटतं, पण एका तुकड्यातून दुसऱ्यात काय जातं हे कळल्याशिवाय त्यातलं कुठलंच शिल्प पुरतं उमगत नाही.

कोठडी कशी सापडली

थीब्जच्या पश्चिम तीरावर, शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीमागच्या कड्यांत मेकेत्रेचं थडगं खोदलेलं आहे. आज त्याचा क्रमांक थीबन टूम २८०. समोर एका राजाचं अर्धवट राहिलेलं देवालय आहे. हे थडगं १९२० मध्ये नव्याने माहीत झालं असं नाही. जॉर्ज दारेसी १८९५ मध्ये तिथे खणून गेला होता, पुढे रॉबर्ट मंडनेही शोध घेतला होता. चोर तर या दोघांच्याही किती तरी आधी येऊन गेले होते. दफनाची खोली लुटलेली होती आणि भिंतींवरच्या कोरीव चित्रांचे बारीक बारीक तुकडे पडलेले होते.

मेट्रोपॉलिटनच्या मोहिमेचा प्रमुख हर्बर्ट विनलॉक या थडग्याकडे वळला तो मुख्यतः नकाशा करण्यासाठी. आधीच्या कोणी नीट आराखडा काढला नव्हता, आणि त्यासाठी आतला ढिगारा उपसणं भाग होतं. काम कंटाळवाणं होतं, हाती काही लागत नव्हतं. मार्चमधल्या एका संध्याकाळी, काम संपता संपता, एका मजुराच्या लक्षात आलं की दगडाची कपची भिंतीच्या बुडाशी असलेल्या फटीतून घरंगळून आत कुठे तरी जाते आहे. त्याने मुकादमाला सांगितलं. मोहिमेचा छायाचित्रकार हॅरी बर्टन तिथे होता. त्याने काड्या ओढून आत पाहायचा प्रयत्न केला, काही दिसलं नाही, म्हणून चिठ्ठी पाठवून विनलॉकला बोलावून घेतलं. विनलॉकने जमिनीवर आडवं होऊन विजेरीचा झोत आत टाकला. आत रंगवलेली माणसं, बैल आणि होड्या एकमेकांना खेटून उभ्या होत्या.

ज्या मजुराच्या नजरेमुळे हे घडलं त्याचं नाव या शोधाच्या गोष्टीत कुठे येत नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. दोन विद्वान तिथून रिकाम्या हाताने परतले होते. कपची कुठे जाते आहे याकडे त्यानेच पाहिलं.

बर्टनने कोठडी रिकामी होण्याआधी आणि होत असताना छायाचित्रं घेतली. पुढे तुतनखामेनच्या थडग्याची प्रसिद्ध छायाचित्रंही त्याचीच. विनलॉकने कोणती वस्तू कुठे आणि कशावर ठेवली होती याची नोंद केली. प्रतिकृतींवर त्या आणून ठेवणाऱ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा टिकून होते. या नोंदींचं मोल दुसऱ्या एका थडग्याशी ताडून पाहिलं की समजतं. मध्य इजिप्तमधल्या देर अल-बर्शाच्या १०अ क्रमांकाच्या थडग्यात, १९१५ साली, जॉर्ज राइसनरच्या मोहिमेला जेहुतिनख्त या प्रांताधिकाऱ्याच्या लाकडी प्रतिकृतींचा मोठा साठा मिळाला. नुसत्या होड्याच ५० हून अधिक होत्या. पण तिथे चोरांनी सगळं उचकटून फेकलं होतं. तुटलेले हात, निखळलेली वल्ही, कोण कुठल्या होडीतला हे जुळवायला बोस्टनच्या संग्रहालयातल्या कारागिरांना वर्षानुवर्षं लागली. मेकेत्रेच्या कोठडीत ज्याची त्याची जागा ठरलेली होती.

लाकूड, आणि ते कसं वापरलं

इजिप्तमध्ये चांगलं लाकूड दुर्मीळ. देशी झाडं म्हणजे बाभळीच्या जातीची, झाऊ आणि सिकमोर, म्हणजे आपल्या उंबराच्या कुळातलं झाड, ज्याची फळं तशीच खोडाला लगडतात. यांचं लाकूड आखूड, गाठाळ, वाकडं. लांब सरळ फळ्या हव्या असतील तर लेबनॉनच्या डोंगरांतला देवदार बिब्लॉस बंदरातून आणावा लागे, आणि ते राजाच्या किंवा बड्या लोकांच्या आवाक्यातलं काम होतं.

या टंचाईमुळेच सुतारकामात एक पद्धत रुजली. मूर्ती एकसंध ओंडक्यातून काढायचा हट्ट धरायचा नाही. धड वेगळं, हात वेगळे, कधी पायाचा पुढचा भागही वेगळा कोरायचा, खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जोडायचा. सांधे, गाठी, भेगा यांवर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप द्यायचा, कधी आधी तागाचं कापड चिकटवायचं, आणि मग रंग. आज रंग उडालेल्या मूर्ती पाहून आपल्याला लाकडाच्या रेषा सुंदर वाटतात. ज्याने त्या घडवल्या त्याच्या लेखी त्या रेषा झाकायच्या होत्या.

या जोडकामामुळे लाकडी मूर्तीला जी मोकळीक मिळाली ती इजिप्तच्या दगडी मूर्तीला क्वचितच होती. दगडात हात आणि धड यांच्यामधला भाग तसाच ठेवायची रीत होती, पाठीशी खांबही असे, नाहीतर दगड मोडेल ही भीती. लाकडाचा हात सुटा, पुढे आलेला, काठी धरलेला असू शकतो. ऑग्युस्त मारिएतला १८६० मध्ये सक्कारात मिळालेली का-आपेरची मूर्ती याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना. पाचव्या राजवंशातला हा पुरोहित, उंची १.१२ मीटर, सुटलेलं पोट, गारगोटी आणि स्फटिकाचे जिवंत डोळे. खोदणाऱ्या मजुरांना तो हुबेहूब आपल्या गावच्या मुखियासारखा वाटला, म्हणून त्यांनी त्याला शेख अल-बलद म्हटलं आणि तेच नाव जगभर झालं.

मेकेत्रेच्या संचात हेच तंत्र दोन अगदी वेगळ्या मापांत वापरलेलं आहे. दोन मोठ्या स्त्रीमूर्ती सोडल्या तर बाकीच्या प्रतिकृतींतली माणसं वीतभराच्या आसपासची आहेत. ती भराभर केलेली आहेत, हे स्पष्ट दिसतं. चेहरे साचेबंद, हात म्हणजे चपट्या पट्ट्या. तरीही पोत्याखाली वाकलेला माणूस खरोखर ओझ्याखाली वाकलेला दिसतो, आणि बसलेला कारकून मांडीवरच्या कागदावर बरोबर तितकाच झुकलेला. कारागिराने वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे नाही हे पक्कं ठरवलं होतं. चेहऱ्यावर वाचवला, अंगाच्या वळणावर नाही.

कैरोच्या वाट्याला गेलेल्या सुतारशाळेत तर हे सगळं तंत्रच शिल्पात उतरलं आहे. अर्धं छप्पर असलेली खोली. मध्ये जमिनीत पुरलेल्या खांबाला एक फळी उभी बांधली आहे आणि एक जण ती करवतीने वरून खाली चिरतो आहे. दुसरा फळीवर बसून मोगरी आणि पटाशीने खाचा पाडतो आहे. काही जण उकिडवे बसून वाकसाने लाकूड तासताहेत, बोथट झालेली हत्यारं ठीक करायला भट्टीशी माणसं बसली आहेत. कोपऱ्यात पांढरी पेटी आहे, आणि तिच्यात करवती, वाकस, पटाश्या अशी जादा हत्यारं आहेत, प्रत्येक बोटभर लांबीची. त्या पेटीत काय आहे हे बाहेरून कोणाला दिसणार नव्हतं. तरी ती भरली. हत्यार मोडलं तर काम अडेल आणि परलोकात काम अडून चालणार नाही, एवढाच त्यामागचा विचार. मला या संचातली सर्वांत प्रामाणिक वस्तू हीच वाटते.

कोठारापासून डोक्यावरच्या पाटीपर्यंत

प्रथम पाहणाऱ्याला हे सारं भातुकलीसारखं वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण खेळण्याचा यात लवलेशही नाही. जुन्या राजवटीच्या, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या, काळात थडग्यात दळणारी बाई, मद्य गाळणारा माणूस अशा एकेकट्या, बहुधा चुनखडीच्या मूर्ती ठेवत. पुढे केंद्रसत्ता ढासळली, प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांची थडगी वाढली, आणि त्या एकट्या मूर्तींच्या जागी लाकडाची अख्खी दृश्यं आली. मृताच्या ‘का’ला, त्याच्या जीवनशक्तीला, रोज अन्न हवं. नातेवाईक कधी ना कधी नैवेद्य आणायचे थांबणार. म्हणून अन्न तयार करणारी यंत्रणाच सोबत द्यायची.

मेकेत्रेच्या संचातून ही यंत्रणा कशी चालते ते धान्यापासून बघू. कोठाराची प्रतिकृती न्यूयॉर्कला आहे. चारही कोपऱ्यांवर भिंतीची टोकं वर काढलेली. आत दोन भाग, एकात धान्य साठवायची जागा, दुसऱ्यात हिशेबाची. पोती वाहणारे सहा जण आहेत. मोजणारे आणि लिहिणारे नऊ. या आकड्यांपाशी मी दर वेळी थांबतो. हमालांपेक्षा मापारी आणि कारकून जास्त! शिल्पकाराला केवळ देखावा हवा असता तर पोती वाहणारी रांग अधिक शोभली असती. त्याने मोजणी दाखवली, कारण धान्याची मालकी म्हणजे धान्याची नोंद, हे ज्याच्यासाठी तो काम करत होता त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

तिथून धान्य भटारखाना आणि मद्यशाळा यांच्या जोडखोलीत जातं. हीही न्यूयॉर्कला. दाराशी सोटा घेतलेला मुकादम. बाया दगडी पाट्यांवर दळताहेत, एक जण कणीक मळतो आहे, दुसरा उंच रांजणात उतरून आंबवण तुडवतो आहे, आणि तयार झालेलं पेय काळ्या मातीची बुचं लावलेल्या कुंभांत भरलं जातं आहे.

आता बैल. गुरांच्या मोजणीची प्रतिकृती, संचातली सर्वांत मोठी, कैरोला आहे, सुमारे १.७३ मीटर लांब. खांबांच्या पडवीत मेकेत्रे खुर्चीवर बसला आहे, शेजारी लेखनिक मांडी घालून बसलेत, आणि समोरून राखणदार ठिपक्याठिपक्यांचे बैल हाकत नेताहेत. काळे, तांबडे, पांढऱ्यावर डाग असलेले. एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नाहीत. राखणदारांचे हात वर, काठ्या उगारलेल्या, एक जण मालकापुढे वाकला आहे. या दृश्यात आवाज आहे.

मोजलेले बैल पुढे जातात गोठ्यात. आणि गोठा न्यूयॉर्कला आहे. तिथे गव्हाणीवर तोंड घातलेले बैल आहेत, शिवाय माणसं हाताने घास भरवून पोसताहेत असेही आहेत. गोठ्यानंतर कत्तलखाना, तोही न्यूयॉर्कला. पाय बांधून आडवे पाडलेले बैल, रक्त भांड्यात धरणारी माणसं, इथेही एक लेखनिक, आणि वर सज्जात दोरीवर टांगलेले मांसाचे तुकडे.

शेवटी या दोन्ही वाटा दोन मोठ्या स्त्रीमूर्तींच्या डोक्यावर येतात. दोघी डावा पाय पुढे टाकून चालताहेत. दोघींच्या डाव्या हाताने डोक्यावरची पाटी सावरलेली, उजव्या हातात पंखांना धरलेलं जिवंत बदक. न्यूयॉर्कमधलीच्या पाटीत मांसाचे तुकडे आहेत. कैरोमधलीच्या पाटीत बुचं लावलेले मद्याचे कुंभ. म्हणजे मांस मोजलं कैरोत, कापलं न्यूयॉर्कला, आणि वाहून नेणारी न्यूयॉर्कला. मद्य गाळलं न्यूयॉर्कला आणि वाहून नेणारी कैरोत. वाटणी करताना ‘दोन सारख्या आहेत, एकेक घेऊ’ हा विचार सोयीचा होता. त्या सारख्या नाहीत. एकीच्या पाटीशिवाय दुसरीची पाटी अपुरी आहे.

या दोघींजवळ थोडं थांबू

न्यूयॉर्कमधली मूर्ती १.१२ मीटर उंच आहे, योगायोगाने का-आपेरएवढीच. लाकूड, पांढरा लेप, रंग. अंगाला घट्ट बसणारं वस्त्र, आणि त्यावर खालपर्यंत पिसांची नक्षी रंगवलेली. गळ्यात रुंद हार, मनगटांत आणि घोट्यांत दागिने. असं पिसांचं वस्त्र बहुधा देवींच्या अंगावर असतं, कामकरी बाईच्या नाही. इजिप्तच्या भित्तिचित्रांत अन्न वाहणाऱ्या स्त्रियांच्या रांगा असतात, आणि त्यांच्याशेजारी गावांची नावं लिहिलेली असतात. या स्त्रिया म्हणजे मृताच्या मालकीची गावं, स्त्रीरूपात. मेकेत्रेच्या या दोघींनाही अभ्यासक तसंच वाचतात. शिवाय शवपेटीच्या डोक्याशी आणि पायाशी राखण करणाऱ्या नेफ्थिस आणि इसिस या देवींची छायाही त्यांच्यात पाहतात. जमीन, दासी आणि देवी हे तिन्ही एकाच लाकडात आहेत.

शिल्प म्हणून पाहिलं तर या मूर्तीची खरी करामत तोलात आहे. डोक्यावर भरलेली पाटी, एक हात वर, दुसरा खाली आणि त्यात फडफडणारं पाखरू. तरी मान ताठ, खांदे समतल. पुढे टाकलेल्या पायावर भार अजून पुरता आलेला नाही. ओझं वाहायची सवय असलेल्या बाईची चाल कोरणाऱ्याने पाहिली होती, यात मला शंका नाही.

होड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवं. प्रवासाच्या होड्या, मागोमाग येणाऱ्या स्वयंपाकाच्या होड्या, आणि पपायरसच्या दोन नौकांमध्ये जाळं ओढणारे कोळी. नाईलवर वारा बहुतेक उत्तरेकडून वाहतो. म्हणून दक्षिणेला जाणाऱ्या होडीला शीड लागतं, आणि उत्तरेला प्रवाहासोबत जाताना डोलकाठी उतरवून वल्ही मारतात. संचात दोन्ही तऱ्हा आहेत. एका होडीत छताखाली बसून मेकेत्रे कमळ हुंगतो आहे, समोर गाणारा आणि आंधळा वीणावादक. बागेच्या प्रतिकृतीही दोन, दोन्ही शहरांत एकेक. सिकमोरच्या झाडांमध्ये तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं तळं, ज्यात खरं पाणी राहू शकेल.

वाटणी

त्या वेळच्या कायद्याने यात काही वावगं नव्हतं. परवाना घेऊन खोदणाऱ्या परदेशी संस्थेला सापडलेल्यातला वाटा मिळे आणि कैरोच्या संग्रहालयाला आधी निवडायचा हक्क असे. त्या आशेवरच परदेशी संग्रहालयं मोहिमांवर खर्च करत. मेट्रोपॉलिटनच्या नोंदीत या वस्तू रॉजर्स निधी आणि एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीखाली आहेत. दोनच वर्षांनी तुतनखामेनचं थडगं उघडलं, इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याने भूमिका कडक केली आणि त्या थडग्यातला ऐवज देशातच राहिला. मेकेत्रेचा संच १९२० ऐवजी १९२४ मध्ये हाती लागला असता तर तो कदाचित एकत्र राहिला असता.

वाटणीची एक बाजू मान्य करायला हवी. न्यूयॉर्कच्या भागाचा अभ्यास सातत्याने झाला, आणि काळाबद्दलची मोठी दुरुस्ती तिथूनच आली. विनलॉकने थडगं अकराव्या राजवंशातलं धरलं होतं. मेकेत्रेची कारकीर्द दुसऱ्या मेंतुहोतेपच्या राज्यात सुरू झाली, हे खरं. पण डोरोथिया अर्नोल्ड यांनी १९९१ मध्ये मांडलं की थडगं बाराव्या राजवंशाच्या सुरुवातीचं, पहिल्या अमेनेमहातच्या काळातलं आहे. आज संग्रहालय या प्रतिकृतींचा काळ इ. स. पू. १९८१ ते १९७५ च्या सुमाराचा देतं. म्हणजे हा संच एका जुन्या शैलीच्या अगदी अखेरच्या बहरातला ठरतो. पुढे दीडेकशे वर्षांत असे देखावे थडग्यांतून मागे पडले आणि परलोकातल्या कामाची जबाबदारी उशब्ती या छोट्या मूर्तींवर आली.

तरी अभ्यास चांगला झाला म्हणून तोडणं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. देर अल-बर्शाचा संच चोरांनी विस्कटला. हा संच विस्कटलेला नव्हताच, तो आपण विस्कटला. त्याची मूळ मांडणी आता विनलॉकच्या टिपणांत आणि बर्टनच्या छायाचित्रांत आहे.

या प्रकरणात एक पुरावा असा आहे जो लाकडाचा नाही. त्याच थडग्याच्या आवारात, त्याच १९२० साली, वाह नावाच्या माणसाचं न लुटलेलं दफन मिळालं. तो मेकेत्रेच्या पदरी कोठारांचा अधिकारी होता. सुमारे ३७५ चौरस मीटर तागाचं कापड त्याच्या शवाभोवती आणि शवपेटीत होतं. ते शव न्यूयॉर्कला गेलं आणि १९३० च्या दशकात क्ष-किरण तपासणीत कापडाआड दागिने दिसले. त्यांत चांदीचा एक स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत, आहे, आणि त्याच्या पाठीवर सोन्यात दोन नावं जडवली आहेत: वाह आणि मेकेत्रे. कोठाराच्या प्रतिकृतीत मोजणारे आणि लिहिणारे जे नऊ जण आहेत त्यांना नावं नाहीत. त्यांच्यासारखाच हिशेब ठेवणारा, त्याच मालकाचा, नावगावासह सापडलेला हा एक माणूस. वाह आणि कोठार न्यूयॉर्कला आहेत, आणि ज्या पडवीत त्याचा मालक लेखनिकांना घेऊन गुरं मोजायला बसला आहे ती कैरोत.